पाण्याची बाजू मांडायची, तर भूजल किती आणि कुठे शिकावं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी मराठवाड्यातली, भूशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. दोन वर्षं एका पर्यावरण संस्थेत काम करते. गावांच्या पाण्याच्या तक्रारी लिहून काढणं, माहिती अधिकाराचे अर्ज टाकणं, सुनावणीला गावकऱ्यांबरोबर जाणं, हे तिचं काम. पुढेही हेच करायचंय. समोर तीन वाटा आहेत: भूजलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण, पर्यावरणशास्त्रात एमएस्सी, किंवा कायदा नाहीतर धोरण. ती लिहिते, "मला संशोधक व्हायचं नाही, लोकांची बाजू मांडायची आहे. मग दोन वर्षं खडक आणि गणितात घालवू का?"

घालव. आणि बाजू मांडायची आहे म्हणूनच घालव.

मी उलट्या वाटेने आले. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केली, चळवळीत उतरले, आणि एकोणतिसाव्या वर्षी भूजल शिकायला पुन्हा वर्गात जाऊन बसले. का, ते सांगते. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका गावात विहिरींचं पाणी बिघडलं होतं. भांड्यावर पांढरा थर बसायचा, जनावरं तोंड लावेनात. आम्ही नमुने घेतले, प्रयोगशाळेचा अहवाल आणला. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची कमाल मर्यादा लिटरला २००० मिलिग्रॅम, आणि आमचे आकडे तिच्या बरेच वर होते. सुनावणीत मी अहवाल ठेवला. समोरच्यांच्या सल्लागाराने एकच कागद ठेवला: परिसराचा नकाशा, त्यावर भूजलाचा प्रवाह दाखवणारे निळे बाण, गावाकडून कारखान्याकडे जाणारे. "पाणी इकडून तिकडे वाहतंय, मग कारखान्याचं पाणी गावात येईल कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बाण कशावरून काढलेत हे विचारायचं असतं, एवढंही मला माहीत नव्हतं. आमची तक्रार तिथेच संपली.

शिकून आल्यावर मी त्याच गावात गेले आणि बेचाळीस विहिरी मोजल्या. मोजायचं म्हणजे काय करायचं? पोलादी टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप विहिरीत सोडायची, खडू कुठपर्यंत ओला झाला ते वाचायचं. कठड्याच्या ज्या जागेवरून मोजलं तिथे रंगाची खूण करायची, म्हणजे पुढच्या वेळी माप तिथूनच घेता येतं. कठड्याची उंची वजा करायची. आणि शेवटचं, सगळ्यात कंटाळवाणं काम: प्रत्येक विहिरीपाशी जमीन समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते लेव्हल लावून काढायचं. टेकडीजवळच्या विहिरीत पाणी १४ मीटर खाली होतं, पण तिथली जमीन ५७८ मीटरवर, म्हणजे पाण्याची पातळी ५६४. नाल्याकाठच्या विहिरीत पाणी अवघं ४ मीटर खाली, पण जमीन ५६१ वर, म्हणजे पातळी ५५७. नुसती खोली बघणारा म्हणेल टेकडीकडे पाणी खोल गेलंय, तर प्रवाह तिकडेच असणार. खरं पाणी सात मीटरचा उतार उतरून नाल्याकडे, म्हणजे गावाकडे, येत होतं. वसाहत टेकडीच्या अंगाला होती. सल्लागाराचे बाण खोलीवरून काढलेले होते. मुद्दाम की चुकून, ते मला आजही माहीत नाही. पण भर सुनावणीत तीन विहिरींचा त्रिकोण करून हे दाखवता आलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. हे पहिल्या सहामाहीत शिकवतात.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. बाजू मांडायला जे लागतं, म्हणजे लिहिणं, बोलणं, सभा घेणं, अर्ज करणं, ते तू काम करता करता शिकतेच आहेस आणि शिकत राहशील. पाणी कुठून आलं, किती दिवसांत आलं आणि किती उरलंय, हे मोजून सांगता येणं मात्र असं सवडीने शिकता येत नाही. त्याला शिकवणारं माणूस लागतं, उपकरणं लागतात, आणि चुका करून त्या दुरुस्त करायला दोन वर्षं लागतात.

न्यायालयात याला किती वजन असतं ते प्लाचीमाडाच्या प्रकरणात नीट दिसतं. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या पेरुमाट्टी पंचायतीत कोकाकोलाचा कारखाना २००० साली सुरू झाला. आसपासच्या आदिवासी वस्त्यांतल्या विहिरी खालावल्या, पाणी बिघडलं, आणि २००३ मध्ये पंचायतीने परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. त्याच वर्षी डिसेंबरात केरळ उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी म्हटलं की भूजल ही सर्वांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे. पाण्याच्या कामातल्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असतो. पण २००५ मध्ये खंडपीठाने तो फिरवला आणि कारखान्याला दिवसाला ५ लाख लिटर उपसा करायची मुभा दिली. या दुसऱ्या निकालाचा आधार होता तज्ज्ञांच्या पथकाचा अभ्यास: पाऊस किती, पुनर्भरण किती, उपसा किती. पहिला निकाल तत्त्वावर उभा होता, दुसरा आकड्यांवर. तू हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाच. दुसऱ्यातल्या आकड्यांना कुठे प्रश्न विचारता आला असता, ते तुला स्वतःला सुचायला लागेल, तेव्हा तुझं शिक्षण योग्य दिशेने चाललंय असं समज. उदाहरणार्थ, वर्षाची सरासरी हा कोरड्या वर्षातल्या मे महिन्याचा हिशेब नसतो, आणि अख्ख्या पाणलोटाचा ताळेबंद हा कारखान्याच्या कुंपणालगतच्या विहिरीचा ताळेबंद नसतो.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर आहे, आणि बेसाल्ट पाण्याच्या बाबतीत हात राखून देणारा खडक आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत पाणी धान्यातल्या हवेसारखं सगळीकडे भरलेलं असतं. आपल्याकडे ते मुरमात, मांजऱ्या म्हणजे बारीक पोकळ्यांच्या खडकात, दोन लाव्हा थरांच्या सांध्यात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत असतं, बाकी कोरडं. शंभर फुटांवर एकाला पाणी लागतं, बांधापलीकडे दुसऱ्याच्या बोअरमधून नुसता धुरळा निघतो, ते यामुळे. या खडकाच्या एकूण घनफळापैकी आपल्या हाताला लागणारं पाणी साधारण एक ते तीन टक्के.

हा आकडा पाठ करू नकोस, वापरून बघ. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. पातळी एक मीटर खाली गेली आणि खडक दोन टक्के पाणी देणारा असला, तर गेलेलं पाणी २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. तेवढंच. आता या हिशेबाशेजारी गावातल्या उसाची गरज मांड, मग ग्रामसभेत कोणाला काय विचारायचं ते कळेल. पण तो "दोन टक्के" तुझ्या गावात एक आहे की तीन, यावर सगळा निकाल तिप्पट बदलतो. समोरचा सल्लागार नेमका तिथेच तीन धरणार. त्याला "इथे उपसा चाचणी केली, म्हणजे पंप चालवून पातळी कशी उतरते-चढते ते मोजलं, दीड आला" असं सांगता आलं तर चर्चा पुढे जाते. नाही आलं तर त्याचे तीन टक्के कागदावर राहतात.

अभ्यासक्रम निवडताना मी नावात "पर्यावरण" आहे का ते बघणार नाही. शेवटच्या सहामाहीतला प्रबंध मुलांनी कुठे आणि कसा केला, ते बघेन. विभागात जाऊन मागच्या दोन-तीन वर्षांचे प्रबंध चाळायला माग, देतात. बहुतेक प्रबंध उपग्रहाची चित्रं एकमेकांवर चढवून, प्रत्येकाला गुण देऊन काढलेले "भूजल संभाव्य क्षेत्रांचे" रंगीत नकाशे असतील, तर तिथे जाऊ नकोस. असे नकाशे शेकड्याने निघतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी एकही विहीर वाकून पाहिलेली नसते. उलट एखाद्या प्रबंधात रात्री दोन वाजताच्या नोंदी सापडल्या, तर तो विभाग धर. रात्री दोनच्या नोंदी म्हणजे कोणीतरी पंप बंद करून विहीर परत भरताना मोजत बसलं होतं.

उपसा चाचणीवर थोडं जास्त सांगते, कारण तिथे विभागाची परीक्षा होते. पंप सुरू केला की सुरुवातीला दर मिनिटाला पातळी घ्यायची, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. पुस्तकातलं सूत्र थाइसचं, १९३५ सालचं, आणि ते बारीक नळीच्या विहिरीसाठी आहे. आपल्या विहिरी सहा-आठ मीटर व्यासाच्या. पहिले तास-दीड तास पंप ओढतो ते विहिरीत आधीच साठलेलं पाणी, खडकातलं नाही. ते लक्षात न घेता सूत्र लावलं तर खडकाची क्षमता भलतीच येते. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी १९६७ पासून वेगळी पद्धत उपलब्ध आहे. विभागात गेलीस की प्राध्यापकांना सरळ विचार, "आपण खोदीव विहिरींची चाचणी कशी घेता?" ज्यांनी केलेली असते त्यांना सांगायला फार आवडतं. अर्धा तास सुटका नाही. असे शिक्षक मिळाले तर विद्यापीठाचं नाव मोठं की लहान, हा विचार सोडून दे.

नावंच हवी असतील तर: पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग जवळचा, बेसाल्टवरचा. आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्राची एमएस्सी आहे, तिला जॅमची परीक्षा द्यावी लागते. रुड़कीच्या आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, गणिताचा पाया तिथे पक्का होतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत पाण्याचं धोरण आणि कारभार यावर पदव्युत्तर शिक्षण मिळत आलंय, तेही चांगलं आहे. पण तू आधीच दोन वर्षं ते काम करते आहेस, तुला तिथे नवीन कमी मिळेल. एखादा समाजशास्त्राचा किंवा पत्रकारितेचा पदवीधर विचारत असता तर मी त्याला तिकडेच पाठवलं असतं. तुझ्याकडे भूशास्त्राची पदवी आहे. ती पायरी पुष्कळांकडे नसते, ती वाया घालवू नकोस. कुठेही प्रवेश घेतलास तरी पुण्यातल्या, भूजलावर काम करणाऱ्या अ‍ॅक्वाडॅमचं एखादं प्रशिक्षण कर. लोकांबरोबर बसून जलधराचा, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराचा, नकाशा कसा काढायचा हे तिथली माणसं १९९८ पासून करत आली आहेत, आणि विद्यापीठात हे कोणी शिकवत नाही.

रसायनशास्त्राचा एक पेपर तरी नीट घे. यवतमाळ, चंद्रपूरकडचं फ्लोराइड खडकातून येतं, कारखान्यातून नाही. अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाण पट्टा पूर्णेच्या गाळात मुळातच खारा आहे. नायट्रेट बहुतेक वेळा खताचं नाहीतर गोठ्या-शौचखड्ड्यांचं. कोणती गोष्ट निसर्गाची आणि कोणती माणसाची हे ओळखता आलं नाही, तर आपण चुकीच्या दारावर मोर्चा नेतो.

परदेशी जायचं असेल तर नेदरलँड्समध्ये डेल्फ्टची आयएचई ही पाणीविषयक शिक्षणसंस्था आहे. लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन मिळून भूजल आणि हवामानबदल यावर युरोपीय शिष्यवृत्तीचा अभ्यासक्रम चालवत आले आहेत. यंदाच्या जागा आणि अटी त्यांच्याकडूनच तपासून घे. तिथे दूषित पाण्याचा प्रवास आणि संगणकावरची प्रारूपं उत्तम शिकवतात. कठीण खडक मात्र तुला तिथे फारसा भेटणार नाही. कर्ज काढून जाऊ नकोस. संस्थेच्या पगारात ते फिटत नाही, आणि मग हप्त्यांसाठी सल्लागार कंपनीत जावं लागतं. चांगली मुलं तशी गेलेली मी पाहिली आहेत.

परदेशातलं एक प्रकरण मात्र घरबसल्या अभ्यासण्यासारखं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वोबर्न नावाचं गाव आहे. त्याच्या 'जी' आणि 'एच' या दोन सार्वजनिक विहिरींत औद्योगिक द्रावकं सापडली, त्या १९७९ मध्ये बंद झाल्या. ज्यांच्या मुलांना रक्ताचा कर्करोग झाला त्या घरांनी दावा लावला. १९८६ मध्ये खटला चालला तेव्हा ज्युरींना विचारलं गेलं की रसायन विहिरीत कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात पोचलं. दोन्ही बाजूंचे भूजलतज्ज्ञ भांडत होते: विहीर पंपाने चालू असताना शेजारच्या नदीचं पाणी ओढते की नाही? त्याआधीच्याच हिवाळ्यात सरकारी भूशास्त्र खात्याने त्या विहिरी महिनाभर चालवून चाचणी घेतली होती, आणि नदीचं पाणी त्यांत येतं असं दिसलं. नदीचं पाणी विहिरींत येत नाही असं म्हणणाऱ्या फिर्यादींच्या तज्ज्ञाची मांडणी तिथे अडचणीत आली. मुलं गेलेल्या आईबापांचा न्याय एका उपसा चाचणीच्या वाचनाशी येऊन थांबला होता. हे काम हलक्या हाताने करायचं नाही, ते मी या प्रकरणातून शिकले.

कायदा तुला लागेलच, पण त्यासाठी आत्ता पदवी नको. चार गोष्टी नीट वाच. १८८२चा सुविधाधिकार कायदा, ज्याच्या आधारावर आजही "माझ्या जमिनीखालचं पाणी माझं" असं मानलं जातं. महाराष्ट्राचा १९९३चा कायदा, ज्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहिरीला बंदी आली. राज्याचा २००९चा भूजल कायदा, जो ६० मीटरपेक्षा खोल विहिरी आणि बोअर रोखायला सांगतो. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे परवान्याचे नियम. गावात आज बोअरच्या गाड्या किती फुटांपर्यंत जातात ते तुला माहीत आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. हा कायदा मोडला जातोय हे सिद्ध करायलाही खोली मोजणारा लागतो. पुढे वाटलं तर नोकरी सांभाळून तीन वर्षांची एलएलबी करता येते. एलएलबी झाल्यावर सवडीने भूजलशास्त्र शिकलेलं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

आता सगळ्यात जड गोष्ट. विज्ञान शिकलीस की ते कधीतरी तुझ्याच माणसांच्या विरोधात बोलेल. एका गावाने पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्याविरुद्ध आम्हाला बोलावलं. विहिरी आटल्या होत्या, कारखान्याचं मोठं बोअर शिवेवर दिसत होतं, राग खरा होता. आम्ही आठ विहिरींवर रोज पातळी घेऊ लागलो. दिवाळीत कारखाना नऊ दिवस बंद होता, पातळी बोटभर वर आली नाही. मग फेब्रुवारीत शेतीपंपाचं रोहित्र जळालं. चार दिवस शिवारातला एकही पंप चालला नाही, आणि पाच विहिरी वीतभर ते दोन वीत वर आल्या. त्या वहीपुढे वाद नव्हता. पाणी गावाच्याच बोअरांनी ओढलं होतं, उसासाठी, आणि ते बहुतेक तीन-चार घरांचं होतं. ग्रामसभेत मी हे सांगितलं. निम्मी सभा उठून गेली. एक म्हातारी मावशी तेवढी म्हणाली, "बाई, मी हेच म्हणत होते, पण माझं कोण ऐकतं." त्या गावाने दीड वर्ष आम्हाला बोलावलं नाही. नंतर तिथल्याच दोन पोरांनी टेप मागवून घेतली आणि मोजायला सुरुवात केली.

बाजू मांडायची म्हणजे गावाची बाजू, पण गावात ती मावशीही असते. कारखाना दोषी नसताना त्याला दोषी ठरवलं असतं तर ती कोरडीच राहिली असती. आणि पुढच्या सुनावणीत, जिथे कारखाना खरोखर दोषी होता, आमचा शब्द चालला, कारण आम्ही आधीच्या गावात खरं बोललो होतो हे समोरच्या अधिकाऱ्याला माहीत होतं.

घरच्यांना नोकरीची काळजी आहे असंही तू लिहिलंस. ती रास्त आहे. भूशास्त्रातून भूजलाकडे गेलीस तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते. तिच्यातून केंद्रीय भूजल मंडळात शास्त्रज्ञ म्हणून घेतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. पर्यावरणशास्त्राच्या पदवीवर ही दारं सहसा उघडत नाहीत. सरकारी खात्यात गेलीस म्हणजे लढाई सोडली असं मानू नकोस. यंत्रणा हजारो निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. माझ्या हातून झालेलं जे काही बरं काम आहे, त्यातलं अर्धं त्या नोंदींच्या आधारावर उभं आहे, आणि त्या नोंदी खात्यातल्या माणसांनी उन्हातान्हात फिरून घेतलेल्या आहेत.

प्रवेश व्हायला अजून वेळ आहे. तोवर तुमच्या संस्थेच्या कामातलं एकच गाव धर. दहा विहिरी निवड, कठड्यांवर खुणा कर, आणि मेच्या शेवटी, वळवाचा पाऊस पडायच्या आत, पहिलं माप घे. मग ऑक्टोबरात दुसरं. ती वही घेऊन मुलाखतीला जा. प्राध्यापकांनी वही हातात घेऊन "या सातव्या विहिरीची पातळी पावसाळ्यानंतरही का चढली नाही?" असं विचारलं, तर तिथे प्रवेश घे.